माठ, घाम आणि तीन मिनिटं



मागच्या महिन्यात पासवर्डवर लिहिलं, तर दोन काकांचे फोन आले. "सगळं पटलं रे, पण कधीतरी खेळावर लिही की!" म्हणून आज खेळावर. निमित्तही चांगलं आहे. ११ जूनपासून अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत फुटबॉलचा विश्वचषक सुरू होतोय. आपल्याकडे बरेचसे सामने रात्री उशिरा नाहीतर पहाटे दिसतील, त्यामुळे घराघरांत झोपेवरून भांडणं होणार हे नक्की.

या विश्वचषकात एक नवी गोष्ट दिसेल. प्रत्येक सामन्याच्या पूर्वार्धात आणि उत्तरार्धात साधारण २२ मिनिटं झाली की पंच खेळ थांबवतील आणि खेळाडूंना तीन मिनिटांचा 'हायड्रेशन ब्रेक' देतील. ऊन असो, ढग असोत, की छताखालचं वातानुकूलित मैदान असो, ब्रेक सगळ्यांना सारखाच. फिफानं गेल्या डिसेंबरात हे जाहीर केलं तेव्हा आमचे बाबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "पाणी प्यायला तीन मिनिटं? चार घोट घ्यायला अर्धं मिनिट पुरे."

वर्षभरापूर्वी मीही हेच म्हणालो असतो. गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारनंतर मात्र मला ती तीन मिनिटं कमी वाटायला लागली आहेत.

त्या रविवारी काय झालं

माझी आत्या लग्न होऊन इंदूरला गेली, त्याला आता चाळीस वर्षं होतील. तिचा नातू, म्हणजे माझ्या आतेभावाचा मुलगा, पंधरा वर्षांचा आहे आणि शाळेच्या संघात खेळतो. गेल्या मे महिन्यात तो सुट्टीला आमच्याकडे फोंड्याला आला. शनिवारी रात्री उशिरा पोचला, गप्पा मारत दोन वाजवले, सकाळी दहाला उठला, चहा आणि पोहे खाल्ले आणि विचारलं, "काका, मॅच किती वाजता?"

गोव्यात भात कापून झालं की शेतं मोकळी होतात आणि पाऊस पडेपर्यंत त्यांची फुटबॉलची मैदानं होतात. तिथे आमचा रविवारचा संघ खेळतो. माझ्यासारखे तिशीतले, पोट सुटलेले काही आणि बाकी आसपासची शाळा-कॉलेजातली मुलं. त्या दिवशी शेजारच्या गावाशी सामना होता, चार वाजता. बायको म्हणाली, "आज राहू दे त्याला, कालच तर आलाय." पण आमच्याकडे एक गडी कमी होता. आणि पोरगा हसून म्हणाला, "काकू, इथे फक्त तेहतीस आहे. आमच्याकडे बेचाळीसमध्ये पोरं क्रिकेट खेळतात!" मला ते पटलं. सामन्याच्या दहा मिनिटं आधी त्यानं दीड लिटरची थंड बाटली जवळजवळ एका दमात संपवली. मी म्हटलं, शाब्बास, आता काळजी नाही.

पूर्वार्धात तो वाऱ्यासारखा पळाला. मध्यंतरात आणखी पाणी प्यायला. उत्तरार्धात त्याचे पास चुकायला लागले. मग एकदा बॉल घेऊन तो सरळ आमच्याच गोलकडे निघाला. सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं मला अजून आठवतं.

थोड्या वेळानं तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "काका, हाफ टाइम कधी होणार?"

हाफ टाइम होऊन वीस मिनिटं झाली होती.

तो खाली बसला. मी बाटली घेऊन धावलो आणि त्याच्या तोंडाला लावायला गेलो. तेवढ्यात आमच्या गोलकीपरची आई धावत आली. ती हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिनं माझा हात बाजूला केला. "तोंडात नको, ठसका लागेल त्याला. अंगावर ओता!" आम्ही त्याला उचलून आंब्याखाली नेलं, जर्सी काढली, शेताच्या पंपावरून बादल्या आणल्या. कोणी डोक्यावर पाणी ओतत होतं, कोणी ओल्या टॉवेलानं अंग पुसत होतं, कोणी पुठ्ठ्यानं वारा घालत होतं. एकानं १०८ ला फोन लावला. गाडी येईपर्यंत तो आपलं नाव आणि शाळा नीट सांगायला लागला होता. हॉस्पिटलमध्ये रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टर मला म्हणाले, "मैदानावरच गार करायला लागलात म्हणून बरं झालं. वाट बघत बसला असतात तर वेगळं झालं असतं."

मग इंदूरला फोन करायचा होता. आतेभावाशी बोललो, त्याच्या बायकोशी बोललो. शेवटी आत्या फोनवर आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आधी विचारलं, "जेवला का तो?" मग जरा थांबून म्हणाली, "तू होतास ना रे तिथे?"

होतो. म्हणूनच तो खेळला होता.

पाणी तर प्यायला होता, मग चुकलं कुठे?

माझा पेशा असा, की सिस्टिम बंद पडली की ती नुसती सुरू करून भागत नाही. का पडली ते शोधून लिहून काढावं लागतं. मला एकच प्रश्न छळत होता. पोरानं पाणी भरपूर प्यायलं होतं. मग असं कसं झालं?

उत्तर आमच्या स्वयंपाकघरात होतं. माठात.

आत्याकडे इंदूरला मे महिन्यात गेलात तर माठातलं पाणी इतकं गार असतं की दात शिवशिवतात. तसाच माठ आमच्या घरी आहे, पण मे महिन्यात त्यातलं पाणी जेमतेम गार होतं. इंदूरला खस लावलेला कूलर खोली थंड करतो. तोच कूलर फोंड्यात लावला तर भिंतींना ओल येते, गारवा नाही. कारण आपल्याला शाळेतच शिकवलेलं आहे: माठ पाण्यामुळे गार होत नाही, पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जाते म्हणून गार होतो. हवा आधीच दमट असली की वाफ फारशी होत नाही.

घामाचंही नेमकं तसंच आहे. पळताना स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात, तिचा साधारण पाव भागच पळण्यात जातो. उरलेल्या तीन भागांची उष्णता होते आणि ती शरीराबाहेर काढावी लागते. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर तो जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो वाळला तर! टपटप जमिनीवर पडलेला घाम काहीच गार करत नाही. शरीरातलं पाणी आणि मीठ मात्र घेऊन जातो. गोव्यात, मुंबईत, कोकणात नेमकं हेच होतं. घामाच्या धारा लागतात आणि आतली भट्टी तशीच पेटलेली राहते.

मी हिशेब करून पाहिला. इंदूरला ४१ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर माठासारखी ओली वस्तू वाऱ्यावर २१-२२ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. फोंड्यात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली तर ती २८ च्या खाली जातच नाही. म्हणजे 'फक्त तेहतीस' असलेल्या गोव्यात आमच्या पोराच्या अंगातला कूलर बंद होता.

फुटबॉलवाले कोणता आकडा बघतात

म्हणूनच फुटबॉलमध्ये नुसतं तापमान बघत नाहीत. तिथे 'वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर' नावाचा आकडा वापरतात. १९५० च्या दशकात अमेरिकी नौसैनिकांच्या प्रशिक्षणात उन्हानं जवान कोसळायला लागले, तेव्हा हा आकडा तयार झाला. यात तीन तापमापक असतात. एक ओल्या फडक्यात गुंडाळलेला, म्हणजे आपला माठच. दुसरा काळ्या रंगाच्या गोळ्यात ठेवलेला, तो ऊन मोजतो. तिसरा साधा, सावलीतला. उन्हातला आकडा काढताना माठाला ७० टक्के वजन, काळ्या गोळ्याला २० टक्के आणि ज्याच्यावर आपण बातम्या करतो त्या साध्या तापमानाला फक्त १० टक्के.

त्या रविवारचा आकडा मी अंदाजे काढला. काळा गोळा ४५ अंशांवर धरला तर उत्तर आलं सुमारे ३२. फिफानं २०१४ च्या विश्वचषकात कूलिंग ब्रेकसाठी जी मर्यादा धरली होती, ती नेमकी ३२. फिफप्रो ही खेळाडूंची संघटना तर म्हणते, २६ च्या वर गेलं की ब्रेक द्या आणि २८ च्या वर गेलं की सामनाच पुढे ढकला. इंदूरचा कोरडा आकडा, तिथलं कडक ऊन धरूनही, तीसच्या थोडा खालीच आला. म्हणजे इंदूरलाही दुपारी खेळणं शहाणपणाचं नाहीच. पण 'आमच्याकडे बेचाळीस असतं' हा मुद्दा गोव्यात चालत नाही, हे मला आकड्यांत दिसलं.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येऊ. तीन मिनिटं कशाला?

फुटबॉलच्या नियमपुस्तकात दोन वेगळे ब्रेक आहेत. नुसतं पाणी प्यायचा ब्रेक एका मिनिटापेक्षा जास्त नसावा. शरीर गार करण्याचा कूलिंग ब्रेक मात्र दीड ते तीन मिनिटांचा. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांनाही माहीत आहे की पाणी पिणं हे एक काम आणि शरीर गार करणं हे दुसरं. फिफानं आताच्या ब्रेकचं नाव पाण्यावरून ठेवलंय, पण त्यातला मोठा फायदा थांबण्याचा आहे. पळणं थांबलं की उष्णता तयार होणं कमी होतं. त्याच वेळी मानेवर बर्फाचा टॉवेल, डोक्यावर पाणी, सावली आणि मग बाटली. सामने बघताना लक्ष ठेवा. खेळाडू बाजूला आले की बाटलीबरोबर ओले टॉवेलही पुढे येतात.

आणि हो, ब्रेकचा वापर डोकं चालवायलाही होतो. २९ जून २०१४ ला ब्राझीलमधल्या फोर्तालेझाला नेदरलँड्स आणि मेक्सिको यांचा सामना होता. भर दुपार, समुद्रकाठचं शहर, दमट हवा. मेक्सिको १-० नं पुढे होतं. उत्तरार्धातला कूलिंग ब्रेक झाला, त्यात डच प्रशिक्षक लुई व्हान खालनं संघाची मांडणी बदलली. शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल झाले आणि नेदरलँड्स २-१ नं जिंकलं. मेक्सिकोवाल्यांना तो ब्रेक अजून टोचत असेल!

गेल्या वर्षी अमेरिकेत क्लब विश्वचषक झाला तेव्हाचीही उदाहरणं आहेत. सिनसिनाटीच्या सामन्यात बोरुसिया डॉर्टमुंडचे राखीव खेळाडू पूर्वार्धभर बाकावर बसलेच नाहीत, ते आत ड्रेसिंग रूममध्ये बसून सामना बघत होते. उन्हात नुसतं बसूनही शरीर तापतं, मग मैदानात उतरायच्या आधीच अर्धी ताकद का घालवायची? त्याच स्पर्धेत चेल्सीचा एन्झो फर्नांडेझ, विश्वविजेत्या अर्जेंटिनाचा खेळाडू, चक्कर आल्यामुळे मैदानावर आडवा झाला आणि हे ऊन धोकादायक आहे असं त्यानं नंतर उघड सांगितलं. मागेपुढे डॉक्टर असलेल्या माणसाची ही गत, तर आमच्या शेतातल्या मैदानाचं काय?

पाणी: कमी नको, जास्तही नको

याचा अर्थ पाणी महत्त्वाचं नाही असा नाही. उलट, पाणी संपलं की दोन्ही बाजूंनी मार बसतो. घामातून जाणारं पाणी शेवटी रक्तातूनच जातं. रक्तातलं पाणी घटलं की तेवढ्याच रक्तात स्नायूंनाही पुरवायचं आणि गार होण्यासाठी कातडीलाही पुरवायचं, अशी ओढाताण होते. हृदय जोरात धडधडतं, घाम कमी सुटतो आणि ताप वाढतो. शरीराच्या वजनाच्या साधारण दोन टक्क्यांहून जास्त पाणी गेलं की बहुतेकांचा खेळ ढासळतो.

पण किती प्यायचं? याचं एक उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. मोठे क्लब प्रत्येक खेळाडूचं वजन सरावाआधी आणि नंतर करतात. ही गोष्ट तुम्ही घरीही करू शकता. मी केली. सामन्याआधी माझं वजन ७४.२ किलो, नंतर अंग पुसून ७२.९. मध्ये ६०० मिलिलिटर पाणी प्यायलो होतो. म्हणजे दीड तासात १.३ अधिक ०.६, जवळपास १.९ लिटर घाम गेला. आमच्या गोलकीपरचा जेमतेम पाऊण लिटर. आम्हा दोघांना सारख्याच बाटल्या देऊन चालेल का?

एकदम ढोसून घेणंही चालत नाही. सामन्याच्या दहा मिनिटं आधी दीड लिटर प्यायल्यानं पोट डचमळतं आणि बरंचसं पाणी लघवीवाटे निघून जातं. खेळाडूंसाठीची शिफारस अशी आहे की सामन्याच्या निदान चार तास आधी वजनाच्या दर किलोमागे ५ ते ७ मिलिलिटर प्या. म्हणजे ६० किलोच्या मुलाला ३०० ते ४२० मिलिलिटर, सावकाश. दोन तास आधीही लघवी गडद पिवळी असेल तर आणखी थोडं. फिकट पिवळी असेल तर झालं. आमच्या पोराची सकाळ चहावर गेली होती आणि रात्रभराचा प्रवास अंगात होता, हे मी पाहायला हवं होतं.

जास्त पाणी पिण्याचाही धोका असतो, हे मला आधी माहीतच नव्हतं. मीठ न घेता नुसतं पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो, आणि प्रकरण जिवावरही बेततं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी केली, तर त्यांतल्या १३ टक्क्यांचं सोडियम घटलेलं निघालं. त्याच शर्यतीत एका तरुण धावपटूचा यामुळे मृत्यूही झाला. म्हणून 'पी रे, अजून पी' असं बाहेरून ओरडणं हा प्रेमाचा प्रकार असला तरी उपाय नाही.

मीठ आणि साखर एकत्र का, तेही सांगतो. आतड्यात साखर आणि सोडियम हातात हात घालून आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. यावरच ओआरएस उभं आहे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावला ते मोठ्या प्रमाणावर वापरून हजारो जीव वाचवले. घाम मात्र जुलाबाइतकं मीठ नेत नाही. त्यामुळे साध्या सरावाला पाणी आणि नेहमीचं जेवण पुरतं. लांबलेल्या, घामाघूम सामन्याला मिठाची जोड लागते. आपल्याकडे ती जोड पिढ्यान्‌पिढ्या आहे: मीठ घातलेलं कोकम सरबत, ताक, लिंबू सरबत. आमच्या आजीच्या काळी शेतातली माणसं दहा-अकराला मीठ घातलेली पेज आणि खारातली कैरी खायची, तेही याच हिशेबात बसतं. फक्त दुकानातून ओआरएस घेताना पाकीट नीट वाचा. गेल्या ऑक्टोबरात एफएसएसएआयनं सांगितलं की ठरलेल्या सूत्राप्रमाणे नसलेल्या गोड पेयांना नावात 'ओआरएस' लावता येणार नाही. तसं सांगावं लागलं, यावरूनच काय ते समजा.

मुलांचा एक नेहमीचा प्रश्न: "ते खेळाडू पाणी तोंडात घेऊन थुंकून का टाकतात?" कधी नुसतं तोंड ओलं करायला, तर कधी गोड पेयानं चूळ भरायला. तासाभराच्या सायकलिंगच्या प्रयोगांत असं दिसलं की गोड पेयाची नुसती चूळ भरली तरी मेंदूला 'रसद येतेय' असा निरोप जातो आणि माणूस थोडा जोर लावतो, पोट मात्र जड होत नाही. घरी आजीसमोर करून बघू नका.

तयारी दोन आठवडे आधी

माझी सगळ्यात मोठी चूक बाटलीची नव्हतीच. ती होती शनिवारी आलेल्या मुलाला रविवारी खेळवण्याची.

उष्णतेची सवय शरीराला होते, पण वेळ लागतो. रोज तास-दीड तास त्याच हवेत हळूहळू वाढवत सराव केला, तर एक ते दोन आठवड्यांत फरक पडतो. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि जास्त सुटतो, त्यातून मीठ कमी जातं, त्याच वेगानं पळताना हृदयाचे ठोके कमी पडतात. म्हणून उष्ण देशात स्पर्धा असली की संघ आधी जाऊन राहतात. कतारमध्ये तर २०२२ चा विश्वचषकच उन्हाळ्यातून उचलून नोव्हेंबर-डिसेंबरात नेला. आणि आमचा पोरगा? बेचाळीस अंशांच्या गप्पा मारत होता, पण अख्खा एप्रिल कूलरसमोर मोबाईल खेळत घालवला होता. हे त्यानं मला हॉस्पिटलात कबूल केलं.

मी शाळेत होतो तेव्हा आम्हाला खेळताना पाणी प्यायची मनाई होती. "पाणी प्यायलास तर पोटात कळ येईल" असं सांगत आणि तहान सोसणं म्हणजे मर्दपणा समजत. आम्ही ती चूक सोडली आणि दुसरी धरली. आता वाटतं, बाटली हातात दिली की आपली जबाबदारी संपली.

आमच्या संघानं तेव्हापासून काही गोष्टी ठरवल्या आहेत. एप्रिल-मे मध्ये सामना साडेपाचच्या आधी नाही किंवा सकाळी सातला. नवा किंवा सुट्टीला आलेला खेळाडू पहिल्या आठवड्यात अर्धाच सामना खेळणार. ताप, जुलाब किंवा रात्रभराचं जागरण असेल तर बाहेर बसणार. दर वीस मिनिटांनी तीन मिनिटं सगळे सावलीत; बर्फाच्या पाण्यात भिजवलेले टॉवेल थर्माकोलच्या पेटीत तयार. बाटलीवर प्रत्येकाचं नाव. आणि मैदानाच्या कडेला दोन भरलेल्या बादल्या, ज्यातलं पाणी कोणी प्यायचं नाही.

शेवटचा नियम सगळ्यात महत्त्वाचा. कोणी विचित्र वागलं, उलट दिशेनं पळालं, भलतंच बोललं, लडखडलं, तर हसायचं नाही. खेळ थांबवायचा, सावलीत न्यायचं, अंगावर पाणी ओतायला लागायचं, वारा घालायचा आणि १०८ लावायचा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. गाडी यायची वाट बघत थांबायचं नाही. आधी गार करायचं, मग न्यायचं. आणि अंगाला घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नका. खेळाडू घामानं निथळत असतानाही उष्माघात होतो.

परवा इंदूरहून फोन आला. आता सोळा वर्षांचा झालेला आमचा स्ट्रायकर विचारत होता, "काका, यंदा मॅच कधी आहे?"

मी म्हटलं, "चोवीसला."

"मग मी दहालाच येतो," तो म्हणाला. मागून आत्याचा आवाज आला, "आणि काकाला म्हणावं, त्या बादल्या भरून ठेव!"

भरून ठेवल्या आहेत, आत्या.

तुमच्या गावी, इंदूरला, बेळगावला, बडोद्याला, हैदराबादला मुलं कुठल्या वेळी खेळतात आणि मैदानाच्या कडेला काय ठेवता, ते नक्की कळवा. पुढच्या अंकात भेटूच.